जिथे मूर्ती थांबली : शिरपूर जैनच्या इतिहासाची प्रस्तावना

शिरपूर जैन हे नाव महाराष्ट्राबाहेरच्या माणसालाही ठाऊक असते ते एका मूर्तीमुळे. अर्धपद्मासनात बसलेले, माथ्यावर नागफणा धरलेले काळे पार्श्वनाथ; बैठक जमिनीला टेकलेली नाही अशी श्रद्धा, म्हणून अंतरिक्ष पार्श्वनाथ. गुजरातेतून, राजस्थानातून, मुंबईहून माणसे येतात, मूर्तीखालून आरपार जाणारा उजेड पाहतात, हात जोडतात आणि परत निघतात. वाशीमपासून वीसेक किलोमीटरवरच्या, मालेगाव तालुक्यातल्या या गावाविषयी आजवर जे लिहिले गेले तेही बरेचसे याच वाटेने गेले. देवळाच्या दारापर्यंत आले आणि तिथूनच मागे फिरले. देवस्थानाच्या माहितीपुस्तिका आहेत, कोर्टाचे निकाल आहेत, दिगंबर आणि श्वेतांबर अशा दोन्ही पंथांची बाजू मांडणारे लेखन आहे. गाव त्यात कुठे कुठे डोकावते, तेवढेच.

मूर्ती अधांतरी असेल, गाव जमिनीवर आहे. त्याचा इतिहास त्या जमिनीपासूनच सांगायला हवा.

ही जमीन काळ्या बेसॉल्टची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेल्या लाव्ह्याने दख्खन घडवले. वाशीमचे पठार त्याचाच एक भाग. जुने वऱ्हाडी लोक पूर्णेच्या सखल खोऱ्याला पायनघाट म्हणत आणि या चढणीवरच्या मुलखाला बालाघाट. शिरपूर बालाघाटातले. या पठाराचे एक वैशिष्ट्य नकाशा नीट पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. इथून निघालेली काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते, ते पाणी तापीवाटे अरबी समुद्रात जाते. दक्षिणेकडचे पाणी पैनगंगेत जाते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळते. पावसाचे दोन थेंब एकाच माळावर पडून दोन वेगळ्या समुद्रांना जावेत, असा हा मुलूख. जलविभाजकावरच्या प्रदेशात मोठ्या नद्या नसतात, म्हणून मोठी शहरेही सहसा वाढत नाहीत. पण वाटा असतात. घाट चढून आलेला बैलांचा तांडा, व्यापारी किंवा यात्रेकरू याच सपाटीवरून पुढे जाणार. शिरपूरचे स्थान समजून घ्यायचे तर ही गोष्ट आधी ध्यानात ठेवावी लागते.

युरोपात लहानशा गावाचा इतिहासही अश्मयुगापासून सुरू करण्याची रीत आहे. स्पेनमध्ये बुर्गोस शहराजवळ अतापुएर्का नावाचे एक छोटे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या टेकडीतून रेल्वेसाठी खोदकाम झाले, गुहांचे थर उघडे पडले आणि पुढे त्याच थरांत आठ लाख वर्षांपूर्वीच्या मानवाची हाडे सापडली. त्या टेकड्या चुनखडीच्या. चुनखडी हाडे जपते. आपला बेसॉल्ट तसा नाही. इथे आदिमानवाची खूण शोधायची ती दगडाच्या हत्यारांत, नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या थरांत आणि माळावर पसरलेल्या गारगोट्यांत. बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले अकीक आणि त्याच जातीचे चकाकते दगड फोडून दख्खनच्या शिकाऱ्यांनी बोटाच्या पेराएवढी पाती केली. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत त्यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. विदर्भात याहूनही पुष्कळ जुनी हत्यारे मिळाली आहेत. चंद्रपूरजवळची पापामिया टेकडी त्यासाठी प्रसिद्ध आहे.

शेतकऱ्यांच्या वस्तीचा पुरावा मात्र वेगळ्या ठिकाणी असतो आणि त्या ठिकाणाला आपल्याकडे फार चांगले नाव आहे. शेतजमीन ती काळी आणि गावठाण ती पांढरी. शतकानुशतके मातीची घरे बांधली गेली, पडली, त्यांच्यावर पुन्हा घरे उभी राहिली. चुलीची राख, शेण, खापरे, हाडे यांनी जमीन उंच होत गेली आणि तिचा रंग बदलला. जुन्या गावाची पांढरी म्हणजे त्या गावाचे दफ्तरच. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात अशाच पांढरीचे उत्खनन केले, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, कणगी, चुली आणि दफने एकाखाली एक निघाली. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीत ताम्रपाषाण काळाचे थर मिळाले. नागपूरच्या परिसरात जुनापाणी, माहुरझरी इथली शिळावर्तुळे आणि नायकुंडची लोखंड गाळण्याची भट्टी पाहिली की इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात या भागातले लोक लोखंडात किती तयार झाले होते ते कळते. बुलढाणा जिल्ह्यातल्या भोनला सातवाहन काळातल्या वस्तीबरोबर स्तूपाचे अवशेष निघाले, आणि ते ठिकाण धरणाच्या पाण्याखाली जाण्याचे संकट पुढे उभे राहिले. वऱ्हाडातली गावे किती जुनी आहेत याची ही ठळक उदाहरणे. शिरपूरची पांढरी वाचायची ती याच शेजारात ठेवून.

लेखी पुराव्याचा उजेड वाशीम जिल्ह्यावर पडतो तो दोन शोधांमुळे, आणि दोन्ही १९३९ सालचे. मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी सातवाहन राजांच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा साठा सापडला. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. पुराणांच्या राजावळीत ज्यांची नावे नाहीत असे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी हे राजे या साठ्यामुळे इतिहासात आले. एका खेड्यातल्या मडक्याने पुराणकारांची यादी दुरुस्त केली, असे म्हणायला हरकत नाही. मलाही त्याचा अभिमान वाटतो.

दुसरा शोध वाशीमच्या ताम्रपटाचा. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ताम्रपट दुसऱ्या विंध्यशक्तीचा, त्याच्या ३७ व्या राज्यवर्षातला, भाषा काही संस्कृत आणि बरीचशी प्राकृत. त्यात नांदेडकडच्या प्रदेशातले एक गाव ब्राह्मणांना दान दिले आहे. इतिहासकार त्यात वंशावळ पाहतात. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने सवलतींची यादी वाचावी. या गावात शिपायांनी शिरायचे नाही, फुले आणि दूध उचलून न्यायचे नाही, खाट आणि अन्न मागायचे नाही, अशा अर्थाच्या त्या सवलती आहेत. जे दान दिलेल्या गावात करायचे नाही ते बाकीच्या गावांत रोज होत असणार. चौथ्या शतकातल्या वाकाटक राज्यात सामान्य खेड्याच्या अंगावर काय काय पडत होते, ते या नकारांतून समजते. वत्सगुल्मचा दरबार मोठा रसिक होता. सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य लिहिले, हरिषेणाच्या वराहदेव या सचिवाने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवले, आणि काव्यशास्त्रकार राजशेखराने आपल्या रूपककथेत काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह लावला तो वत्सगुल्म नगरीत. या वैभवाची थोरवी मी कमी करत नाही. पण त्याला दूध, फुले आणि खाटा पुरवणारी गावे याच पठारावर होती.

आता मूर्तीच्या कथेकडे येऊ, कारण शिरपूर नावारूपाला आले ते तिच्यामुळेच. कथेचे दोन पदर आहेत. पहिला रामायणकाळात नेणारा. रावणाचे माली-सुमाली, किंवा दुसऱ्या परंपरेत खरदूषण, विमानातून जात असताना पूजेची मूर्ती मागे राहिली. पूजेशिवाय जेवायचे नाही हा नेम. म्हणून वाळू आणि शेण यांची प्रतिमा घडवली, पुजली आणि पाण्यात विसर्जित केली. दुसरा पदर अचलपूरच्या राजाचा. त्याला कोणी श्रीपाल म्हणतात, कोणी ईल. राजाला कोड होते. त्या पाण्यात हातपाय धुतले आणि तेवढा भाग बरा झाला. राणीने पुन्हा तिथे नेले, तेव्हा सर्वांग बरे झाले. दृष्टान्त झाला की पाण्यात देव आहे, काडीकुडाच्या गाडीला कोवळी वासरे जुंपून त्याला घेऊन जा, मागे वळून पाहू नकोस. राजा निघाला. वाटेत गाडी रिकामी तर नाही ना, अशी शंका आली. त्याने वळून पाहिले आणि मूर्ती होती तिथे अधांतरी थांबली.

पाण्याने रोग जाणे ही कथा वेरूळच्या एलू राजाबद्दलही सांगतात, आणि मागे पाहिल्यामुळे देव थांबणे ही ओडिशातल्या साक्षीगोपाळची गोष्ट आहे. अशा कथा गावोगाव फिरतात, म्हणून त्यांना कमी लेखू नये. प्रत्येक गाव त्यात स्वतःचे काहीतरी घालते. शिरपूरच्या कथेतला गाभा मला असा दिसतो: देव निघाला होता राजधानीला. राजाला तो अचलपुरात हवा होता. तो तिथे पोचला नाही, वाटेतल्या गावाचा झाला. पठारावरून जाणाऱ्या वाटेवरचे गाव आपल्याविषयी याहून नेमके काय सांगेल? आणि पुढच्या हजार वर्षांत असेच घडत राहिले की शिरपूरच्या देवावर हक्क सांगणारे, त्याच्याविषयी निर्णय घेणारे लोक कायम दुसऱ्या कुठल्या तरी शहरात बसलेले होते. या गावाच्या इतिहासाचे सूत्र मला तरी हेच वाटते.

ही कथा निव्वळ तोंडी राहिली नाही. तेराव्या शतकातल्या मदनकीर्ती या दिगंबर साधूने ‘शासनचतुस्त्रिंशिका’ या छोट्या स्तोत्रात श्रीपूरच्या पार्श्वनाथांचा आश्चर्याने उल्लेख केला. चौदाव्या शतकात श्वेतांबर आचार्य जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात श्रीपूर-अंतरिक्षावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. जिनप्रभसूरी महंमद तुघलकाच्या दरबारात मान मिळालेले, काही काळ दौलताबादेत राहिलेले. म्हणजे त्यांना हा मुलूख ऐकीव नव्हता. पूर्वी डोक्यावर घागर घेतलेली बाई मूर्तीखालून जाऊ शकत असे, आता फक्त दिव्याचा उजेड जातो, ही आठवण त्यांनी नोंदवली आहे. दोन पंथांचे दोन लेखक साधारण शंभर वर्षांच्या आत एकाच तीर्थाची साक्ष देतात. पुढच्या भांडणांच्या काळात ही गोष्ट फार कमी लोकांनी ध्यानात ठेवली.

एक सावधगिरी मात्र हवी. श्रीपूर नावाची गावे पुष्कळ. छत्तीसगडातले सिरपूर हे दक्षिण कोसलचे श्रीपूर, लक्ष्मण मंदिरासाठी प्रसिद्ध. धुळे जिल्ह्यात शिरपूर आहे. तेलंगणातही एक सिरपूर आहे. ताम्रपटात किंवा स्तोत्रात श्रीपूर दिसले की ते आपलेच, असे मानण्याचा मोह अनेकांना झाला. गावाचे वय वाढवून त्याचा मान वाढत नाही.

गावाबाहेरचे पवळी मंदिर हा शिरपूरचा सर्वांत बोलका दगडी पुरावा. हेमाडपंती बांधणी, चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले घडीव दगड, भिंतींवर वेलबुट्टीचे पट्टे, आणि वरच्या भागात विटांचे काम. मंदिरावरच्या लेखातला काळ १४०६ असा वाचला गेल्याचे जुन्या गॅझेटिअरने नोंदवले आणि वास्तू त्याहून शंभर वर्षे तरी जुनी असावी असे मत दिले. तसे असेल तर ती यादवांच्या काळाला जाऊन भिडते. बार्शीटाकळी, लोणार, मेहकर इथल्या मंदिरांच्या शेजारी ठेवून पवळी पाहावी. त्या काळात वऱ्हाडातल्या पाथरवटांची एक मोठी फळी कामाला होती. त्यांच्यापैकी कुणाचे नाव आपल्यापर्यंत आले नाही, हात मात्र ओळखू येतो.

याच जिल्ह्यातले कारंजा विसरून शिरपूर समजत नाही. कारंजा लाड ही व्यापाऱ्यांची समृद्ध पेठ. तिथे बलात्कार गण आणि सेन गण या दिगंबर परंपरांच्या भट्टारकांची, म्हणजे मठाधिपतींची, पीठे होती आणि भांडारांत हस्तलिखिते. विसाव्या शतकात हिरालाल जैन यांनी याच भांडारांतली अपभ्रंश हस्तलिखिते उजेडात आणली. अपभ्रंश कवी पुष्पदंताचे काव्य आज आपण वाचतो त्यात कारंज्याचा वाटा मोठा आहे. विद्याधर जोहरापूरकरांनी ‘भट्टारक संप्रदाय’ आणि ‘तीर्थवंदन संग्रह’ या पुस्तकांत विखुरलेले उल्लेख गोळा केले. कारंज्यात पोथी, शिरपुरात देव आणि मधल्या वाटेवर व्यापार, असा तो संबंध होता.

राजवटी बदलत गेल्या त्याची नुसती नोंद पुरे. बहमनी, मग अचलपूरची इमादशाही, १५७४ मध्ये निजामशाही, १५९६ मध्ये मोगल. ‘आईन-ए-अकबरी’त वाशीम हे वऱ्हाड सुभ्यातले एक ‘सरकार’, म्हणजे महसुली विभाग, आहे. १७२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला लढाई होऊन निजाम स्वतंत्र झाला आणि त्यानंतर वऱ्हाडात दुअमली आली: निजामाचे अंमलदार आणि नागपूरकर भोसल्यांचे अंमलदार, दोघेही एकाच गावातून वसुली करणार. वाशीमचे बालाजी मंदिर भोसल्यांकडच्या भवानी काळूंनी १७७९ च्या सुमारास पुरे केले, ते या काळाचे देखणे स्मारक. खेड्यातल्या कुणब्याला तेव्हा दोन दारांत उभे राहावे लागे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. वाशीम जिल्हा झाला, १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात घातला गेला, आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा जिल्हा झाला.

इंग्रजी अमलातच शिरपूरचा देव कोर्टात गेला. त्याआधी देवळाची पूजाअर्चा आणि देखरेख दीर्घकाळ पोळकर नावाच्या स्थानिक मराठा पुजाऱ्यांकडे होती. जैन देवाची सेवा गावातल्या मराठा घराण्यांनी करावी, ही मला शिरपूरच्या इतिहासातली फार मोलाची गोष्ट वाटते आणि ती जवळपास विसरली गेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दिगंबर आणि श्वेतांबर समाजांनी मिळून ती व्यवस्था आपल्या हाती घेतली. १९०५ मध्ये दोघांच्या पूजेचे वेळापत्रक ठरले. मग मूर्तीच्या लेपावरून, कमरेच्या कटिसूत्राच्या (करदोड्याच्या) आणि कच्छोट्याच्या (लंगोटाच्या) खुणेवरून वाद पेटला. ज्या मूर्तीला कथाच वाळू-शेणाची म्हणते तिला लेप लागणारच. पण तो कोणत्या रूपाचा, हा प्रश्न दोन्ही समाजांसाठी श्रद्धेच्या मुळाशी जाणारा होता. १९१० मध्ये दावा दाखल झाला. अकोला, नागपूर आणि अखेरीस लंडनची प्रिव्ही कौन्सिल असा प्रवास करून १९२९ मध्ये निकाल लागला: व्यवस्थापन श्वेतांबरांकडे, पूजेचा हक्क वेळापत्रकाप्रमाणे दोघांनाही. तरी वाद शमला नाही. १९८१ मध्ये देवळाला कुलूप लागले. चार दशके लोकांनी झरोक्यातून दर्शन घेतले. २०२२ मध्ये आचार्य विद्यासागर महाराजांचा चातुर्मास शिरपुरात झाला, तेव्हाही ते कुलूप तसेच होते. २०२३ च्या मार्चमध्ये, दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, दार उघडले.

कोणाची बाजू खरी हे ठरवणे या इतिहासाचे काम नाही आणि त्यात मला पडायचे नाही. एका परिणामाकडे मात्र लक्ष वेधायचे आहे. शंभर वर्षे शिरपूरचा भूतकाळ पुरावा म्हणून गोळा झाला. ज्या कागदाने मालकी सिद्ध होते तो जपला गेला, छापला गेला, भाषांतरित झाला. ज्याने काहीच सिद्ध होत नाही तो वाळवीला गेला. यात्रेच्या दिवसांत गाड्या जुंपणारे, पाणी भरणारे, फुले पुरवणारे माळी, दगड दुरुस्त करणारे गवंडी, उतरायला जागा देणारी घरे, कुलपाच्या काळात ज्यांचा धंदा बसला ते दुकानदार, यांपैकी कुणीही त्या दाव्यात पक्षकार नव्हते. म्हणून ते नोंदीतही नाहीत.

आणि गाव केवळ जैन तीर्थ नाही. जानगीर महाराजांच्या संस्थानात महाशिवरात्रीला यात्रा भरते, भाजी-पोळीच्या महाप्रसादाला पंचक्रोशी लोटते. जिल्ह्यातच मानोरा तालुक्यात पोहरादेवी, बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हे पठार ओलांडणाऱ्या तांड्यांचा इतिहास शिरपूरच्या वाटांचाही इतिहास आहे. कापूस आणि ज्वारीच्या शिवारात आता सोयाबीन आहे. मालेगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, म्हणजे पठारावरच्या जुन्या वाटांत एक नवी वाट आली.

हा इतिहास पुरा व्हायचा तर पुढची सामग्री गावातूनच यायला हवी. एकोणिसाव्या शतकातल्या पाहणीचे नकाशे आणि खातेउतारे, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुन्या शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, व्यापाऱ्यांच्या मोडी आणि गुजराती वह्या, भाटांच्या पोथ्यांतल्या वंशावळी, पोळकर घराण्यांच्या आठवणी: हे सगळे घरोघरच्या पेट्यांत आणि कपाटांत आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते मूळ स्वतःजवळच ठेवून छायाचित्रे काढू द्यावीत. गावठाणात नव्या घराचा पाया खोदताना खापरे, मणी, नाणी, मोठ्या आकाराच्या विटा निघाल्या तर त्या किती खोलीवर आणि कुणाच्या वाड्याच्या कोणत्या बाजूला निघाल्या हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि तहसील कार्यालयाला कळवावे. पांढरीची माती ट्रॉलीने शेतात टाकण्याआधी एवढे झाले, तरी सुरुवातीच्या प्रकरणांतली आज मोकळी असलेली पाने भरू लागतील.